कापूस वेचणी आलेखात कुठे मांडायची?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २२ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं तिनं लिहिलंय. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजकडून दहा हजार मीटर पळते आणि फेब्रुवारीत नागपूरला होणाऱ्या एका हाफ मॅरेथॉनसाठी तिनं नाव नोंदवलं आहे. चाकणला कंपनीत असलेल्या मोठ्या भावानं राखीला पळण्याचं घड्याळ घेऊन दिलं. त्यातली सगळी नोंद मोबाइलच्या ॲपमध्ये जाते आणि तिकडे भावालाही दिसते. नोव्हेंबरात घरच्या पाच एकरांतला कापूस फुटला, मजूर मिळेनात, तेव्हापासून ती आईबरोबर सकाळी नऊ ते पाच वेचायला जाते. घड्याळ खराब होईल म्हणून ते घरीच ठेवते. पहाटेचं पळणं निम्म्यावर आलंय. रोज चार-पाच किलोमीटर, पण खाडा नाही. ॲपमधली 'फिटनेस'ची रेघ खाली चालली आहे आणि 'फॉर्म'चा आकडा मात्र हिरवा आहे : तू ताजीतवानी आहेस, सराव वाढव. भाऊ फोनवर म्हणतो, "तू पळूनच नाही राहिली. मंग घड्याळ कायले घेतलं?" हिला पहाटे उठवत नाही, पोटऱ्या भरलेल्या असतात आणि एरवी सहा मिनिटांत सहज होणाऱ्या किलोमीटरला दम लागतो. शेवटच्या ओळीत तिनं ओझरतं लिहिलंय की तीन महिन्यांपासून पाळी आली नाही, 'पण पळणाऱ्या मुलींचं असं होतेच म्हणतात.' तिचं विचारणं असं : खरं कोणाचं मानू, आकड्याचं की अंगाचं? की मी खरंच आळशी झाली?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

पहाटे पळून येऊन मग दिवसभर ओणव्यानं कापूस वेचणारी मुलगी आळशी नसते. तो विषय इथेच सोडून देऊ.

पाळीचं तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, मी ते आधी घेते. भरपूर पळणाऱ्या मुलींची पाळी लांबते किंवा थांबते हे खरं आहे. पण ती सरावाची खूण नव्हे, तूट पडल्याची खूण आहे. शरीराला जेवढं लागतं तेवढं अन्न पोटात जात नसेल, तर ते काटकसर सुरू करतं आणि बीजनिर्मितीचं काम लवकर बंद ठेवतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस', म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झालं की हाडं विरळ होऊ लागतात. मग नडगीला किंवा पायाच्या लांब हाडांना बारीक तडे जातात आणि खेळाडू कित्येक आठवडे घरी बसते. वजन तेवढंच आहे म्हणून तूट नाही, असंही समजू नकोस.

पाळी थांबण्याची कारणं इतरही असतात. थायरॉइड आहे, बीजकोशाचे दोष आहेत. त्यामुळे निदान मी करणार नाही आणि तुझ्या मैत्रिणींनीही करू नये. तीन महिने झाले म्हणजे डॉक्टरांकडे जायची वेळ झाली आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, ते आशाताईंना विचार. 'मी लांब पळते आणि सध्या दिवसभर वेचणीला जाते' हे डॉक्टरांना आपणहून सांग, कारण ते विचारतीलच असं नाही. रक्त देशील तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासता येईल का तेही विचार. साठा आटला की हिमोग्लोबिन अजून बरं दिसत असतानाही पळताना दम लागू शकतो. आणि आपण विदर्भातले आहोत, तेव्हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी झाली नसेल तर तीही करून घे. नुसते वाहक असलेले बहुतेक लोक आरामात पळतात. पण उन्हात, पाणी कमी पिऊन जीव तोडून पळणं त्यांना धोक्याचं ठरू शकतं, म्हणून माहीत असलेलं बरं.

तू काय खातेस ते लिहिलं नाहीस. अंदाज बांधते : पहाटे चहा, पळून आल्यावर वावराची घाई, मग एक-दीड वाजता धुऱ्यावर भाकर आणि चटणी. चुकत असेन तर आनंदच आहे. पळायच्या आधी एखादं केळ किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ आणि आल्यावर अर्ध्या तासात दूध-पोळी, अंडी किंवा चण्याची उसळ, एवढं तरी सुरू कर. वेचणीच्या दिवशी डब्यात एक भाकर जास्त, आणि चटणीसोबत घट्ट वरण. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. आईशी हे बोलणं मला तरी घड्याळापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता त्या आलेखाकडे येऊ. 'आकडा खरा की अंग खरं' असं तू विचारतेस, म्हणजे दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत असं धरून चालतेस. तसं नाहीये.

या आलेखांच्या मुळाशी एक जुनी कल्पना आहे. १९७०च्या दशकात कॅनडात एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की प्रत्येक सराव शरीरात दोन गोष्टी मागे ठेवतो. क्षमता हळू वाढते आणि हळू ओसरते, थकवा झपकन चढतो आणि लवकर उतरतो. त्या दिवशी तू कशी पळशील हे या दोहोंच्या वजाबाकीवर ठरतं. पुढे अमेरिकेतल्या अँड्र्यू कॉगन यांनी सायकलपटूंसाठी ही कल्पना सोपी केली. तासभर टिकेल अशा कमाल जोरानं तासभर केलेल्या सरावाला १०० गुण, आणि बाकीचा सराव त्या मापानं. मग रोजच्या गुणांच्या दोन सरासऱ्या, एक ४२ दिवसांची आणि एक ७ दिवसांची, दोन्हींत ताज्या दिवसांना जास्त वजन. लांबची सरासरी म्हणजे 'फिटनेस', जवळची म्हणजे 'थकवा', त्यांतला फरक म्हणजे 'फॉर्म'. आज बरीच ॲप हेच किंवा याच्याच जवळचं काहीतरी करतात.

म्हणजे तुझ्या थकव्याची चौकशी ॲपनं कधी केलेलीच नाही. त्यानं एवढंच पाहिलं की गेल्या सात दिवसांचे गुण गेल्या ४२ दिवसांच्या सरासरीपेक्षा कमी आहेत, आणि वजाबाकी करून हिरवा रंग दिला. किराणा दुकानातल्या खात्यासारखं आहे हे : जे लिहिलं तेवढंच बाकीत येतं. तुझ्या खात्यात चार किलोमीटर पळणं लिहिलंय. आठ तास वेचणी, ओटीत भरलेला कापूस धुऱ्यापर्यंत नेणं, घरी येऊन पाणी भरणं, भांडी घासणं, हे सगळं त्याच्या लेखी शून्य आहे. विश्रांती.

खाली चाललेल्या रेघेचंही तसंच. ती रेघ गणितानं पडते. समजा तुझा आकडा ४० होता आणि तू आठवडाभर काहीच नोंदवलं नाहीस, तर तो साधारण ३४ वर येतो, दोन आठवड्यांनी २९ वर. शरीराची पडझड इतकी भराभर होत नाही. पळणं पूर्ण थांबवलं तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारण ५ ते १० टक्के उतरते, आणि तू तर थांबलेलीच नाहीस. तेव्हा ती रेघ पाहून घाबरायचं कारण नाही.

गुण कशावरून पडतात तेही बघ. घड्याळ ते बहुधा हृदयाच्या ठोक्यांवरून काढतं. ॲपमध्ये तुझे मिनिटाचे कमाल ठोके किती लिहिलेत? बहुधा १९८ असतील, २२० वजा तुझं वय. हे सूत्र लोकसंख्येच्या सरासरीचं आहे. एकेका माणसात ते दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे सहज असतं, आणि मग सगळेच गुण वाकडे पडतात. त्यात मनगटावरचा पट्टा सैल असेल तर थंडीच्या पहाटे घड्याळ भलतंच दाखवतं. कधी कधी तर ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं. मिनिटाला १७० पावलं पडत असली की ठोकेही १७०! मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधून बघ.

मग घड्याळ वावरात नेऊ का, असं तू आता विचारशील. माझं मत : नको नेऊ. वेचणीत ठोके फारसे चढत नाहीत, त्यामुळे घड्याळ बांधलं तरी गुण नगण्यच पडतील आणि ॲपचा निकाल बदलणार नाही. वेचणीचा शीण कमरेत साचतो, मांडीच्या मागच्या बाजूला साचतो, उन्हात आणि तासांच्या लांबीत साचतो. मनगटावरच्या ठोक्यांत तो फारसा दिसत नाही. उलटही तितकंच खरं आहे, आणि हे तुला आवडणार नाही : दिवसभर वेचून हाफ मॅरेथॉनची तयारी होत नाही. त्या कामानं थकवा मोठा येतो, पळण्याची क्षमता मात्र फारशी वाढत नाही. म्हणजे खात्यात थकव्याच्या बाजूला रक्कम पडते, क्षमतेच्या बाजूला अगदी किरकोळ.

यावर एक साधा उपाय आहे आणि त्याला शंभर पानी वही पुरते. अमेरिकेतले कार्ल फोस्टर यांनी रूढ केलेली पद्धत अशी : सराव संपल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं, सगळं मिळून किती जड गेलं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हतं. तो आकडा गुणिले मिनिटं. ४० मिनिटं आरामात पळालीस आणि ३ वाटलं, तर १२०. तेच ४० मिनिटांचं पळणं वेचणीच्या दुसऱ्या दिवशी ६ वाटलं, तर २४०. अंतर तेच, वेग तोच, घड्याळाच्या लेखी सराव तोच. वहीत मात्र दुप्पट भार.

वेचणीलाही हाच गुणाकार लावायचा मोह होईल. लावू नकोस. आठ तासांच्या हलक्या कामाला २ दिले तरी ९६० होतात आणि तुझं पळणं त्यात बुडून जातं. ही पद्धत खेळाच्या सरावासाठी आहे. वावरासाठी शेजारी वेगळा रकाना ठेव : किती तास, आणि हलकं, मध्यम की जड. तिसऱ्या रकान्यात झोप. चौथ्यात सकाळचे ठोके : जाग आल्यावर पडल्या पडल्या, पूर्ण एक मिनिट, बोटं मनगटावर ठेवून. पाळी सुरू झाली की तीही तारखेसह, कारण पाळीच्या आधीच्या दिवसांत सकाळचे ठोके दोन-चारांनी वाढलेले असू शकतात आणि ते नेहमीचंच आहे. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नकोस. पंधरा दिवसांत तुझी स्वतःची सरासरी कळेल. तिच्यापेक्षा पाच-सात ठोके जास्त, तेही लागोपाठ तीन-चार दिवस, सोबत झोप मोडलेली आणि पळणं जड, असं जमून आलं की त्या दिवशी पळायचं नाही. एकदम दहा-पंधरा वाढले तर ताप येतोय का बघ.

फोस्टर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती तुझ्या 'खाडा नाही'ला लागू पडते. आठवड्याचा भार सारखाच असला, तरी तो रोज एकसारखा वाटलेला असेल तर शरीराला जास्त जाचतो. रोज २०० म्हणजे आठवड्याचे १४००. आणि ४००, १००, ३००, शून्य, ४००, १००, १०० यांचीही बेरीज १४००च. दुसऱ्या आठवड्यात सावरायला जागा आहे, पहिल्यात नाही. तू सध्या पहिला आठवडा जगते आहेस, वरून वेचणी. खाडा न करण्याचा तुला अभिमान असेल, पण त्यातूनच बहुधा पोटऱ्या भरल्या आहेत.

पुढचं कसं करायचं? घड्याळ पेटीत टाकणं, वेचणी सोडणं, शर्यत सोडणं, हे तिन्ही पर्याय तुझ्या मनात येऊन गेले असणार. वेचणी सोड असं मी इथे बसून सांगणार नाही. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर किलोमागे काय दर मागतात आणि कापसाला काय भाव येतो, हा हिशोब तुझी आई माझ्यापेक्षा चांगला जाणते. पण वेचणी सलग तीन महिने नसते. पहिला वेचा होतो, पंधरा-वीस दिवसांनी दुसरा, मग तिसरा. मधे श्वास घ्यायला काही दिवस मिळतात. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पुष्कळ गावांत वेचणी बंदच असते. सरावाचं वेळापत्रक या चक्राला बांध. वेचा सुरू असताना आठवड्यातून तीनदाच पळ, दोनदा अर्धा तास अगदी बोलत बोलत, आणि बाजाराच्या दिवशी लांब. बाकी दिवशी सकाळची झोप. वेचा संपला की चार दिवस पळ आणि लांबचं अंतर दर वेळी एक-दोन किलोमीटरनं वाढव. डॉक्टरांची भेट होऊन पाळीचं कारण कळेपर्यंत वेगाचा सराव पूर्ण बंद. याबाबत घासाघीस नाही.

घड्याळही टाकू नकोस. वेळ, अंतर आणि रस्त्यावरचा वेग यांसाठी ते चांगलं आहे. रंगीत सल्ले मात्र बघू नकोस. प्रगती मोजायची तर चार आठवड्यांतून एकदा, वेचा संपून तीन-चार दिवस झाल्यावर, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, पाच किलोमीटर एकाच आरामाच्या वेगानं पळ आणि सरासरी ठोके लिही. त्याच वेगाला ठोके कमी झाले तर क्षमता वाढते आहे, रेघ काहीही म्हणो. ही चाचणी उन्हाळ्यातल्या आकड्यांशी मात्र लावू नकोस. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेही अंगाची लाही होते. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं, म्हणून तोच वेग ठेवला तरी ठोके बरेच वर जातात आणि ॲप 'सराव निष्फळ' असा शेरा मारतं. उन्हाला सरावायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर वेग विसरून अंगाच्या अंदाजानं पळायचं.

अशीच पत्रं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. १६०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांचा खेळ. त्याला ४२ दिवसांच्या रेघेचा उपयोग फार कमी. तुमच्यातले काही जण दिवसा ट्रॅक्टरवर, रात्री ओलिताला आणि पहाटे मैदानावर असतात. तुम्हाला वरच्या वहीतला झोपेचा रकाना सगळ्यांत आधी भरायला हवा. वेगाच्या फेऱ्या आठवड्यात दोनदा पुरे. रोज जीव तोडून १६०० मीटर मारून वेळ बघत बसणाऱ्यांची नडगी भरतीच्या आधीच बोलू लागते.

राहिला दादा. त्याचा राग खोटा नाही. पगारातून पैसे काढून त्यानं ते घड्याळ घेतलंय आणि तिकडे दूर बसून त्याला तुझ्याबद्दल दिसतं ते एवढंच, रोज थोडी खाली येणारी एक रेघ. पण त्यानंही कधीकाळी त्याच वावरात कापूस वेचलाच असेल. त्याला बचाव सांगत बसू नकोस, माहिती दे. रविवारी वहीच्या पानाचा फोटो काढून पाठव, वावराच्या रकान्यासकट. आणि ॲपमधलं त्याला दिसणं शर्यतीपर्यंत बंद करून ठेव. चोरून नको, आधी फोन करून सांग : "दादा, तो आकडा अर्धाच आहे, तो पाहून तू मले बोलतं आणि मी उगाच जास्त पळतो. फेब्रुवारीपर्यंत मी तुले वही दाखवीन." सुटी घेऊन दोन दिवस गावी आला तर पहाटे त्याला सोबत पळायला ने आणि नऊ वाजता वेचायला. दुसऱ्या दिवशी किती वाजता उठतो ते मला कळव, हे मी गमतीनं म्हणत नाहीये. पाळीचं त्याला सांगायचं की नाही हे तू ठरव. डॉक्टरांकडे न्यायला घरात दुसरं कोणी नसेल तर सांगितलेलं बरं.

शर्यतीचा निर्णय आज घेऊ नकोस. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घे. तोवर डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हटलं असेल आणि तू १४-१५ किलोमीटर बोलत बोलत पळून दुसऱ्या दिवशी ठीक उठली असशील, तर नागपूरला जा. वेळेचा विचार न करता पूर्ण कर. डॉक्टरांची हरकत नसेल पण तेवढं अंतर जमत नसेल, तर आयोजकांना विचारून दहा किलोमीटरमध्ये नाव बदलून घे, बऱ्याच शर्यतींत ठराविक तारखेपर्यंत ते करू देतात. ती तारीख आजच बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.